ढोरदवणा: ओळख पटवण्याच्या दुसऱ्या वर्षाची नोंद

गेल्या वर्षी आषाढात बेलापूरच्या पारसिक डोंगराच्या पायथ्याशी मी एका रोपाची आठ छायाचित्रे काढली आणि वहीत ‘ढोरदवणा, रस्त्याची कडा’ अशी ठाम नोंद केली. ढोरदवणा म्हणजे दवण्याचा घाटमाथ्यावरचा रानटी भाईबंद, आर्टेमिसिया निलगिरिका. महिन्याभराने त्याच जागी गेलो, तेव्हा रोपावर पाच कोपऱ्यांची बारीक पांढरी फुले आली होती. ते गाजर गवत होते. कोवळे असताना ते जमिनीलगत पानांचा गुच्छ पसरते आणि त्या पानांच्या कापांमुळे भले भले फसतात, असे मी स्वतःचे समाधान करून घेतले. पण पान उलटून पाहिले असते तर ही वेळ आली नसती, हेही खरे.

ढोरदवण्याचे पान वरून गडद हिरवे आणि खालून पांढऱ्या लवेने मखमलीसारखे झाकलेले असते, आणि दोन बाजूंमधला हा फरक दुरूनही, वारा आला की, दिसतो. गाजर गवताचे पान दोन्ही बाजूंनी हिरवेच असते. नुसता पांढरेपणा मात्र पुरेसा नाही, कारण आर्टेमिसिया ॲब्सिन्थियम या युरोपीय भाईबंदाचे पान दोन्ही बाजूंनी रुपेरी राखाडी असते. म्हणून मी आता वर हिरवे व खाली पांढरे असा विरोध, पानाच्या देठाच्या तळाशी असलेले उपपर्णांसारखे, म्हणजे इवल्या पानांसारखे, छोटे खंड, उभ्या कंगोऱ्यांचे आणि बहुधा जांभळट छटेचे खोड, व चुरगळल्यावर येणारा कडवट वास या चारही खुणा एकत्र जुळल्याशिवाय नाव लिहीत नाही. शेंड्याकडची पाने अरुंद आणि जवळजवळ अखंड होत जातात, त्यामुळे केवळ वरच्या फांदीच्या छायाचित्रावरून नाव विचारणाऱ्यांना काही सांगता येत नाही. खालचे पान हवेच.

वासावर विसंबून मी यंदा पुन्हा एकदा अडखळलो. येऊरच्या वाटेवर कापरासारखा उग्र वास आला म्हणून वाकून पाहिले, तर तो भामुर्डा निघाला. त्याच्या पानांना दोन्ही बाजूंनी लव असते, ती पिसासारखी खोल कापलेली नसतात आणि त्याची फुले पिवळी असतात.

नावाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण जुन्या पुस्तकांमुळे गोंधळ वाढतो. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये ज्या वनस्पतीला आर्टेमिसिया व्हल्गॅरिस हे नाव दिले, ती मुख्यतः युरोप व आशियाच्या समशीतोष्ण भागातली आहे. आपल्याकडच्या डोंगरी झाडाला क्लार्कने 1876 मध्ये तिचाच एक प्रकार मानले आणि पँपानिनीने 1926 मध्ये त्याला आर्टेमिसिया निलगिरिका अशी स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. त्यामुळे जुन्या भारतीय ग्रंथांत ‘व्हल्गॅरिस’ दिसले, तर सह्याद्रीपुरते ते बहुधा निलगिरिकाच समजावे. देवाला वाहतात तो दवणा, म्हणजे आर्टेमिसिया पॅलेन्स, तिसराच: बुटका, सगळा राखाडी आणि गोड वासाचा. चैत्रात ठाण्याच्या जांभळी नाक्यावर मी माझ्या कुंडीतले एक पान फुलवाल्या मावशींना दाखवले. त्यांनी ते हुंगले आणि म्हणाल्या, “हा कुठला दवणा, दादा? हा जोतिबाला नाही चालायचा.” माझ्या चार खुणांपेक्षा ही परीक्षा झटपट झाली.

आता तो आढळतो कुठे, याविषयी. ठाणे आणि नवी मुंबईच्या परिसरात दोन पावसाळे शोधूनही मला तो रानात एकदाही मिळालेला नाही. आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सर्वांत उंच माथाही 468 मीटरच भरतो, तर ढोरदवणा हे उंच घाटमाथ्यावरचे झाड. महाबळेश्वराच्या बाजूला, साधारण 1,300 मीटरवर, रस्त्याच्या कडेला व पडीक जागी त्याचे कमरेएवढे दाट गठ्ठे उभे असतात. म्हणून ‘खाडीकाठी ढोरदवणा सापडला’ असे कोणी लिहिले, तर मी आधी त्या पानाची खालची बाजू मागतो.

माझ्याकडचे रोप पाचगणीच्या एका स्नेह्यांच्या बागेतून, मूलक्षोडाच्या, म्हणजे जमिनीत आडव्या वाढणाऱ्या खोडाच्या, वीतभर तुकड्यावरून आले. घोडबंदर रस्त्यावरच्या गच्चीत, बारा इंची कुंडीत, ते मार्गशीर्षात लावले. वैशाखात खालची पाने पिवळी पडून गळली आणि आषाढातल्या संततधारेत एका बाजूचे मूळ सडले. निम्मी जाड वाळू मिसळून कुंडी छज्जाखाली सरकवल्यावर मात्र तीन नवे कोंब मातीबाहेर आले, आणि तेही मूळ खोडापासून दूर, कुंडीच्या काठाशी. जमिनीत हे झाड का आवरत नाही, ते यावरून समजते. बागेतल्या वाफ्यात मी ते लावणार नाही आणि छाटणीचा कचराही ओढ्याकाठी टाकणार नाही.

ऑक्टोबरच्या अखेरीस पहिला तुरा आला. दहापट भिंगातून पाहिले, तर प्रत्येक स्तबक, म्हणजे बारीक फुलांचा गुच्छ, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे, लवदार छदांचे (गुच्छाभोवतीच्या खवल्यांचे) आणि किरणपुष्पांविना (सूर्यफुलाला कडेने असतात तशा पाकळ्यांविना) होते. कडेची पुष्पके मादी, मधली द्विलिंगी. परागण वाऱ्याने होत असल्यामुळे दिखाऊ पाकळ्यांची या झाडाला गरजच नाही. याच्या भाईबंदाच्या, व्हल्गॅरिसच्या, पराग-कणांनी युरोपात अनेकांना उन्हाळ्याच्या उत्तरार्धात शिंका येतात, आणि घरात आईला दम्याचा त्रास असल्यामुळे दोन तुरे नोंदीसाठी वर्तमानपत्रात दाबून ठेवून बाकीचे उमलण्यापूर्वीच कापले.

दाबलेल्या नमुन्यावर पानाची खालची बाजू वर दिसेल अशी किमान दोन पाने ठेवली आहेत. गेल्या वर्षीच्या पारसिकच्या नोंदीवर आडवी रेघ मारली. वहीचे पान फाडले नाही.