अख्खं नागपूर एका चौकोनात

मे महिन्यात नागपुरात हवामानावर मत नसलेला माणूस सापडायचा नाही. नवतपा यंदा किती तापणार, हे पानठेल्यावर खर्रा घोटता घोटता फुकटात कळतं. आता त्या जाणकारांत मोबाइलमधल्या एआयची भर पडली आहे.

गूगल डीपमाइंडचं 2023 चं ग्राफकास्ट हे हवामानाचं एआय मॉडेलच घ्या. 1979 ते 2017 पर्यंतच्या हवेच्या नोंदींवर ते शिकलं. त्याला आत्ताची आणि सहा तासांपूर्वीची हवा द्यायची, ते पुढच्या सहा तासांनंतरची सांगतं. ते उत्तर पुन्हा त्यालाच भरवायचं. अशा 40 फेऱ्या झाल्या की 10 दिवसांचा अंदाज तयार, तोही मिनिटाच्या आत! मात्र ‘आत्ताची हवा’ ठरवायला उपग्रह, नागपुरातल्या सोनेगावसारख्या ठिकाणांहून सुटणारे हवा मोजणारे फुगे आणि भौतिकशास्त्राची जुनीच समीकरणं लागतात. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही.

खरी गंमत जाळीत आहे, म्हणजे मॉडेल पृथ्वीचे जे चौकोन पाडून प्रत्येकाला एकेक आकडा देतं त्यात. पाव अंशाची जाळी म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण 28 बाय 26 किलोमीटरचा एक चौकोन. सीताबर्डी काय नि वाडी काय, सगळ्यांना जवळपास एकच आकडा. उन्हाच्या लाटेला तो पुरतो, कारण ती अख्ख्या विदर्भावर पसरते. दुपारी उठणारा वादळी ढग मात्र जेमतेम काही किलोमीटरचा.

त्यात मॉडेलच्या शिकवणीची खोड आहे: चूक झाली की दंड. ढग 20 किलोमीटर चुकीच्या जागी दाखवला की मॉडेलला दोनदा दंड: दाखवला तिथे पडला नाही म्हणून, आणि पडला तिथे दाखवला नाही म्हणून. मग ते धूर्तपणा करतं, सगळीकडे थोडाथोडा पाऊस शिंपडून मोकळं होतं. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त कोसळलेला असा पाऊस या गुळगुळीत नकाशात सहज विरघळतो. डीपमाइंडच्याच 2024 च्या जेनकास्ट या मॉडेलने एकाऐवजी अनेक शक्यता मांडून ही खोड बरीच कमी केली, पण चौकोन तेवढाच राहिला.

म्हणून काटोलच्या संत्रा बागाईतदाराने मान्सूनची चाल या मॉडेलवर जरूर पाहावी, गारपिटीसाठी मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. त्यासाठी ढग नि पाऊस टिपणाऱ्या नागपूरच्या डॉप्लर रडारचं चित्र आणि हवामान खात्याचा तीन तासांचा तातडीचा इशारा पाहावा. विजेसाठी ‘दामिनी’ ॲप आहे. आपल्यापासून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडत असेल तर ते सांगतं. फोनचं लोकेशन तेवढं चालू असू द्या.