मेथीची जुडी

काकूंच्या हातात ताकद होती. माझी दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली की त्या आवळायच्या, पण मी "आवळा" म्हटल्यावर मिनिटभराने. समोर ताट ठेवलं तर नुसत्या बघत बसायच्या. भरवलं तर गिळायच्या. काकांनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ही रुसलीय का आमच्यावर?"

रुसल्या नव्हत्या. मेंदूच्या पुढच्या भागातल्या रक्तवाहिनीवरचा फुगा फुटून रक्तस्राव झाला होता. ऑपरेशनला पाच आठवडे होऊन गेले होते. हातपाय शाबूत, पण काही करावंसं जिथून वाटतं तिथेच घाव बसला होता. फिजिओथेरपिस्ट म्हणून मी सगळ्यात हतबल होते ती अशा पेशंटपुढे. अर्धांगवायू परवडला, तिथे पेशंट स्वतःहून जोर तरी लावतो.

न्यूरॉलॉजीच्या सरांनी लगेच औषध लिहिलं नाही. आधी सीटी स्कॅन करून मेंदूत पाणी साठलं नाही ना ते पाहिलं, सोडियम तपासलं, रात्रीची झोपेची गोळी बंद केली. गुंगी आणणारी गोळी तशीच चालू ठेवून वर तरतरी आणणारी द्यायची, असं काही फायलींत मी पाहिलंय, आणि मला त्याचा राग येतो. मग किडनीचे रिपोर्ट बघून अमँटाडीन सुरू झालं. १०० मिलिग्रॅम, सकाळी आणि दुपारी. संध्याकाळी द्यायचं नाही, झोप उडते. मूळचं हे फ्लूचं औषध, पुढे पार्किन्सनला लागू पडलं. काही करायची उमेद जागवणारं डोपामिन नावाचं रसायन मेंदूत असतं, त्याला ते बळ देतं. सरांनी घरच्यांना स्पष्ट सांगितलं, की याचा मोठा अभ्यास २०१२ साली छापून आला, १८४ पेशंटांचा, पण ते सगळे डोक्याला मार लागलेले. रक्तस्रावात गुण येईलच असं नाही. आकडीचे झटके येण्याची शक्यता असते, तेव्हा लक्ष ठेवायचं.

मी माझी वेळ बदलून घेतली. दुपारी चारऐवजी सकाळी दहा, गोळीनंतर दोन तासांनी.

सहाव्या दिवशी सूनबाईंना मेथीची जुडी आणायला सांगितली. पेपर पसरून जुडी सोडली. "उचला" असं म्हटलंच नाही. मीच निवडत बसले, जाड देठांसकट. काकू बघत होत्या. बराच वेळ गेला. मग त्यांचा उजवा हात मांडीवरून निघाला. माझ्या ढिगातली एक काडी त्यांनी उचलली, अंगठ्याच्या नखाने पानं खुडली, देठ बाजूला टाकला. मग दुसरी. सूनबाई ओढणी तोंडाशी धरून उभ्या होत्या. आठ-दहा काड्या झाल्यावर घोगरा आवाज आला, "माती आहे. दोन पाण्यांनी धू."

ऑपरेशननंतरचे ते पहिले शब्द.

काकांनी विचारलं, डोस वाढवला तर आणखी लवकर बोलेल का? मी म्हटलं, ते सर ठरवतील. आपण रोज दहा वाजता हाताला काम द्यायचं. त्या अभ्यासातही औषध थांबवल्यावर सुधारणेचा वेग मंदावला होता, त्यामुळे ही संधी वाया घालवायची नव्हती.

पुढचा दिवस कोराच गेला. नंतर चाकवत आला, तो अर्धा निवडून झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेपू आला. काकूंनी जुडी हाताने दूर सारली. "आईंना शेपू आवडतच नाही," सूनबाई म्हणाल्या. मी फायलीत वेळ घालून लिहिलं: स्वतःहून नकार दिला.