पाणी तुटते तिथे कुपा: खोल समुद्रातील शोधाचा माझा अनुभव

देवगडच्या बंदरातून कुप्यासाठी, म्हणजे ट्यूना माशासाठी, खोल समुद्रात जायचे ठरवले, तेव्हा माझ्यापुढचा पहिला प्रश्न जागेचा होता. बांगड्याच्या आणि सुरमईच्या जागा आमच्या घरात पिढ्यानपिढ्या ठाऊक आहेत. डोंगराचा कडा, दीपगृह, खडक यांच्या खुणा एका रेषेत आणल्या की त्या सापडतात. कुपा ज्या पाण्यात फिरतो तिथून मात्र किनारा दिसत नाही, आणि तो एका जागी थांबतही नाही. थांबणे त्याला शक्यच नसते, कारण तोंड उघडे ठेवून सतत पोहत राहिल्यानेच त्याच्या कल्ल्यांवरून पाणी वाहते आणि त्याला श्वास घेता येतो. त्यामुळे कुप्याची जागा शोधायची म्हणजे त्याला मानवणारे पाणी त्या दिवशी कुठे आहे ते शोधायचे. हे काम मी काही वाचून, बरेचसे बोटीवर तांडेल (बोटीचे प्रमुख) असलेल्या माझ्या काकांकडून आणि उरलेले थर्मामीटर व वही घेऊन स्वतः मोजून शिकलो.

प्रथम रंगाविषयी लिहितो. पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या की त्यांच्यातील हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेते आणि पाणी हिरवे दिसू लागते. त्या विरळ असल्या की पाणी गडद निळे राहते. हिरव्या पाण्यात खाद्य असते, म्हणून तारली, पेडवे, बांगडे आणि माकूल (स्क्विड) तिथे जमतात. कुपा त्यांच्याच मागावर असतो, परंतु तो डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे आणि गढूळ हिरव्या पाण्यात त्याला लांबचे दिसत नाही. म्हणून तो हिरव्या पाण्याच्या काठाला, निळ्या स्वच्छ बाजूला राहतो आणि काठावरून बाहेर पडणारे लहान मासे टिपतो. अरबी समुद्रात याला आणखी एक कारण जोडले जाते. आपल्या या समुद्रात साधारण दीडशे मीटरच्या खालून पाण्यातील प्राणवायू फार कमी होतो. पिवळ्या परांचा कुपा हा भरपूर प्राणवायू लागणारा, स्वतःचे शरीर भोवतालच्या पाण्यापेक्षा उबदार ठेवणारा मासा असल्यामुळे त्याला बराचसा वेळ वरच्या थरातच काढावा लागतो. गरीने मासेमारी करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या दृष्टीने ही मोठीच अनुकूल गोष्ट आहे.

माझी तयारी बंदरावरच सुरू होते, कारण किनाऱ्यापासून थोडे दूर गेल्यावर मोबाइलचे जाळे संपते. हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, ज्याला सगळे इन्कॉइस म्हणून ओळखतात, ते १९९९ मध्ये स्थापन झाले आणि ते संभाव्य मासेमारी क्षेत्रांची माहिती मराठीतही देते. त्या तक्त्यात जवळच्या बंदराचे नाव, तिथून दिशा, कोन, किलोमीटरमधील अंतर, मीटरमधील खोली आणि अक्षांश-रेखांश असे सर्व दिलेले असते. त्यामागे उपग्रहांनी टिपलेले समुद्राचे तापमान आणि रंग असतात. आपल्या ओशनसॅट मालिकेतील २००९ च्या ओशनसॅट-२ वर रंग टिपणारे उपकरण होते, आणि २६ नोव्हेंबर २०२२ रोजी सोडलेल्या ईओएस-०६ या उपग्रहावर रंग व तापमान या दोहोंची उपकरणे आहेत. ढग असले की ही उपकरणे खालचे पाणी पाहू शकत नाहीत, त्यामुळे ढगाळ दिवसांत नकाशावर मोकळ्या जागा राहतात. त्या मोकळ्या जागांविषयी मी काहीही गृहीत धरत नाही.

तक्ता मिळाला की बहुतेक जण सरळ त्या बिंदूकडे निघतात. मी तापमानाचा आणि हरितद्रव्याचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहतो, आणि या सबंध पद्धतीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. ‘कुप्याला किती अंश पाणी लागते?’ असे मला बंदरावर नेहमी विचारतात. पण आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ समुद्राचा पृष्ठभाग सव्वीस ते तीस अंशांच्या आसपास असतो आणि हे सगळेच पाणी कुप्याला चालते. आकडा धरून बसलो तर अर्धा अरबी समुद्र कुप्याचा ठरेल. पाहायचा असतो तो बदल. थोड्याच किलोमीटरांत तापमान अर्धा-पाऊण अंशाने बदलत असेल आणि त्याच रेषेवर पाण्याचा रंगही बदलत असेल, तर तिथे दोन वेगळी पाणी एकमेकांना भिडली आहेत असे समजावे. नकाशाची रंगपट्टी चोवीस ते बत्तीस अंशांपर्यंत पसरलेली असेल तर हा अर्ध्या अंशाचा फरक एकाच रंगात बुडून जातो. म्हणून जिथे सोय असेल तिथे मी ती पट्टी दोन अंशांइतकी आखूड करतो, आणि सपाट वाटणाऱ्या नकाशात एकाएकी काठ उमटू लागतात.

नकाशा कालच्या पाण्याचा असतो, ही गोष्ट बोट चालवणाऱ्याने मनात पक्की धरायला हवी. पाण्याची ओढ अर्धा नॉट, म्हणजे ताशी अर्धा सागरी मैल, जरी असली तरी चोवीस तासांत काठ बारा सागरी मैल, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटर सरकू शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या काळात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि पावसाळ्यात दक्षिणेकडे. त्यामुळे हिवाळ्यात तक्त्यातील बिंदूवर न जाता मी त्याच्या थोडे उत्तरेला पोहोचेन असा मार्ग आखतो आणि वाटेत काठ आडवा कापला जाईल याची काळजी घेतो. काठाला समांतर चालत राहिलो तर तो शेजारी असूनही कळत नाही.

तिसरी गोष्ट तळाची. रंग आणि तापमान सरकतात, तळ सरकत नाही. विजयदुर्गच्या पश्चिमेला सुमारे १०५ किलोमीटरवर आंग्रिया बँक हा कान्होजी आंग्र्यांचे नाव लाभलेला बुडालेला प्रवाळी उंचवटा आहे. त्याचा माथा वीसेक मीटर पाण्याखाली आहे आणि भोवतीचा तळ झपाट्याने खोल जातो. प्रवाह अशा उंचवट्यावर आदळला की खालचे थंड, पोषक पाणी वर ढवळले जाते. सात नॉटच्या वेगाने तिथवर पोहोचायला आठ तास लागतात, तेव्हा डिझेल, बर्फ, वायरलेस, जीवरक्षक जाकिटे आणि हवामानाचा इशारा यांची खात्री केल्याशिवाय त्या दिशेला जाऊ नये. नकाशावरचा काठ अशा तुटत्या तळाच्या जवळ आलेला असेल, तर इतर सर्व काठ सोडून मी तोच निवडतो.

समुद्रावर मोजण्याचे काम पहाटेपासून सुरू होते. वारा पडलेल्या दुपारी ऊन पृष्ठभागाचा पातळ थर तापवते आणि दोन पाण्यांतला फरक झाकला जातो. पहाटेचा आकडा त्यामानाने खरा असतो. मी बालदीने पाणी वर घेऊन सावलीत दशांश दाखवणाऱ्या थर्मामीटरने मोजतो. बालदी नेहमी नाळेच्या, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाच्या बाजूने टाकतो, कारण इंजिन थंड करून बाहेर पडणारे गरम पाणी मागच्या बाजूला मिसळलेले असते. फिशफाइंडरचा, म्हणजे पाण्याखालचे मासे व तळ दाखवणाऱ्या यंत्राचा, तापमापकही उपयोगी पडतो. त्याचा आकडा बालदीपेक्षा किती वेगळा येतो ते एकदा तपासून ठेवले म्हणजे झाले, कारण आपल्याला हवा असतो तो दोन आकड्यांमधला फरक. रंग पाहताना सूर्य पाठीशी ठेवतो. ढगाची सावली पडलेले पाणी गडद निळे भासते, म्हणून सावली सरकेपर्यंत थांबतो. अधूनमधून पांढरी ताटली दोरीला बांधून खाली सोडतो आणि ती दिसेनाशी होते ती खोली वावांत मोजतो (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट). अँजेलो सेकी या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये वापरलेली ही पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे. हिरव्या पाण्यात ताटली चार-पाच वावांवर हरवते आणि निळ्या पाण्यात बारा-तेरा वावांपर्यंत दिसत राहते. वेळ, जागा, तापमान, ताटलीची खोली, पाखरे आणि तरंगत्या वस्तू हे सगळे वहीत उतरवले की काठ केव्हा ओलांडला ते नंतर शोधून काढावे लागत नाही.

काकांनी थर्मामीटर कधी हाती घेतला नाही, पण माझ्या वहीतले बरेचसे त्यांना आधीच दिसत असे. ‘नुसतो रंग बघू नको, रंग खंय तुटता ता बघ,’ असे ते मला सुरुवातीपासून सांगत. जानेवारीतल्या एका फेरीत पहाटे बालदीतले पाणी २६.९ अंश होते आणि रंग शेवाळी होता. पुढे तासाभरात पारा २७.२ वर आला, आणि मी नोंद लिहीत असतानाच काकांनी सुकाणू वळवले. समोर फेसाची अरुंद पट्टी लांबवर गेली होती. तिच्यात लाकडाचे ओंडके, नारळ, समुद्री शेवाळ आणि प्लास्टिक अडकले होते. दोन पाणी भिडतात तिथे पृष्ठभागावरचे पाणी एकत्र येऊन खाली बुडते आणि तरंगणारे सर्व काही त्या रेषेवर मागे उरते. पट्टी ओलांडून पलीकडे टाकलेल्या बालदीत पारा २७.७ झाला आणि ताटली अकरा वावांपर्यंत दिसली. उपग्रहाने आदल्या दिवशी दाखवलेल्या जागेपासून हा काठ बराच उत्तरेला सरकला होता.

आम्ही बोट पट्टीवर ठेवली नाही. निळ्या बाजूला, पट्टीपासून दोनतीनशे मीटर अंतर राखून आम्ही तिच्या लगत गरी ओढत उत्तरेकडे निघालो. पट्टी सगळीकडे सारखी नसते. ती जिथे वळण घेते, जिथे हिरव्या पाण्याचे टोक निळ्यात शिरते, तिथे लहान मासा कोंडला जातो. अशाच एका वळणावर पाखरे पाण्यावर झेपावताना दिसली आणि उडणारे मासे निळ्या बाजूकडे उसळू लागले. पाखरे एकाच जागी घिरट्या घालत असतील तर मासा खाली खोल आहे, आणि ती एका दिशेने घाईने पुढे सरकत असतील तर कुपा वर येऊन खातो आहे, हे काकांचे निरीक्षण त्या दिवशीही खरे ठरले. आम्ही थव्याच्या पुढे वळसा घालून गेलो, थव्यातून बोट नेली नाही. पहिली दोरी ताणली गेली तेव्हा बोटीखाली तळ शंभर वावांच्या पलीकडे होता. वर आला तो पिवळ्या परांचा कुपा होता, आणि पाठोपाठ त्याच काठावरून आणखी मिळत गेले. ऊन चढल्यावर वरचा मासा थांबला, तेव्हा आम्ही गरी खाली सोडली. कुपा बोटीत आल्याबरोबर त्याचे रक्त काढून, पोट साफ करून त्याला बर्फात पुरावे लागते, कारण त्याचे उबदार अंग लवकर खराब होते आणि त्यात अपायकारक हिस्टामिन तयार होऊ लागते.

हिरवा रंग नेहमी खाद्याचाच असतो असे मात्र नाही. फेब्रुवारीच्या सुमारास अरबी समुद्रात नॉक्टिल्युका या सूक्ष्म जीवाचे हिरवे थर पसरतात आणि हरितद्रव्याच्या नकाशावर ते फार मोलाचे क्षेत्र असल्यासारखे ठळक दिसतात. त्या पाण्यात मला जेलीफिश पुष्कळ आढळले, लहान मासा विरळ होता आणि पाखरे जवळजवळ नव्हती. म्हणून त्या महिन्यात मी रंगाच्या नकाशावर तापमानाच्या काठाची साक्ष मिळाल्याशिवाय विश्वास ठेवत नाही.

एप्रिल-मेमध्ये हे उलटे होते. सगळा पृष्ठभाग तीस अंशांच्या आसपास जातो, वारा मंद असतो आणि तापमानाचा नकाशा कितीही आखूड पट्टीवर पाहिला तरी सपाटच राहतो. तेव्हा रंगाचा नकाशा, ताटली आणि तळ या तिघांवरच भिस्त ठेवून मी आंग्रिया बँकेचे आणि खोल उताराचे काठ निवडतो, आणि १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीत वहीतल्या हिवाळ्याच्या व उन्हाळ्याच्या नोंदी वेगवेगळ्या नकाशांवर उतरवून ठेवतो.