तुम्ही विचारलंत म्हणून: पन्नासच्या लेन्सला स्टॅबिलायझेशन लागतं का?

कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या किट लेन्सला बहुधा स्टॅबिलायझेशन (हाताच्या थरथरीवरचा उपाय) असतं, मग ५० एमएम एफ/१.८ ला का नाही? आणि नसेल तर ती घ्यावी का? पहिला कॅमेरा घेऊन वर्षभर झालेले बरेच जण हे विचारतात, गणपती जवळ आले की जास्तच. माणसांचे फोटो काढायचे असतील तर बिनधास्त घ्या. दगड, मूर्ती, सजावट किंवा हातात धरून व्हिडिओ हे तुमचं मुख्य काम असेल, तर मात्र थांबून विचार करा.

स्टॅबिलायझेशन फक्त तुमच्या हाताची थरथर खाऊन टाकतं. लेन्समधला जायरो सेन्सर हालचाल ओळखतो आणि काचांचा एक गट विरुद्ध दिशेला सरकतो. समोरचा माणूस हलला तर त्याला ते काहीच करू शकत नाही. विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर, स्टॅबिलायझेशन चालू ठेवून, १/३० सेकंदाच्या शटर स्पीडला ढोलवाल्याचा फोटो काढून बघा. ढोलाची कड, कमरेचा पट्टा, मागची पाटी सगळं स्वच्छ येईल आणि टिपरू धरलेला हात मात्र धुरासारखा पसरलेला दिसेल. तो हात थांबवायला १/५०० लागतं. उभ्याने गप्पा मारणाऱ्या माणसालासुद्धा १/१२५ हवंच.

हा वेग मिळतो तो मोठ्या अ‍ॅपर्चरमुळे, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या भोकामुळे; एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. किट लेन्स ५५ एमएमला जेमतेम एफ/५.६ उघडते. तिथून एफ/१.८ म्हणजे सव्वातीन स्टॉपांपेक्षा थोडं जास्तच (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्याच उजेडात, त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेचा आकडा), १/३० चं थेट १/३०० होतं. तीन स्टॉप स्टॅबिलायझेशनचे आणि तीन स्टॉप अ‍ॅपर्चरचे हे कागदावर सारखे दिसतात, पण पहिल्यात फक्त तुमचा हात थांबतो. दुसऱ्यात हातही थांबतो आणि समोरचा माणूसही.

जुना नियम सांगतो की शटर स्पीड निदान १/फोकल लेंग्थ (लेन्सचे एमएम) ठेवा. क्रॉप सेन्सरवर (३५ एमएम फिल्मपेक्षा लहान सेन्सर) ५० ला दीडने गुणा (कॅननवर १.६ ने), म्हणजे १/८० आलं. पण २४ मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघितला की १/८० ची थरथर दिसते, म्हणून १/१२५ धरा. गडबड होते ती इथे: अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (अ‍ॅपर्चर तुम्ही, शटर कॅमेरा ठरवतो तो मोड) कॅमेऱ्याला मोकळं सोडलं की तो स्वतःच १/५० किंवा १/६० पर्यंत उतरतो, आणि दोष लेन्सला लागतो. ऑटो आयएसओच्या मेनूत ‘मिनिमम शटर स्पीड’ असेल तर तिथे १/१२५ टाका, मिरवणुकीत १/५००. आयएसओ ३२०० पर्यंत चढला तरी चढू द्या. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, हललेला चेहरा सरळ करता येत नाही.

फोटो खराब आला की आधी तो कशाने बिघडला ते ओळखा. मागच्या दिव्यांचे ठिपके बघा. सगळे ठिपके एकाच दिशेने रेघेसारखे ओढले गेले असतील, तर तुमचा हात हलला. दिवे नेटके आणि फक्त माणूस पुसट असेल, तर माणूस हलला. चेहरा मऊ आणि कानातलं किंवा खांद्याची शिवण धारदार असेल, तर फोकस चुकला. पन्नासला एफ/१.८ वर हे तिसरं फार होतं, कारण क्रॉप सेन्सरवर दोन मीटर अंतरावर सगळी मिळून बारा सेंटिमीटरच्या आसपास जागा शार्प राहते. यावर स्टॅबिलायझेशनचा काही उपयोग नाही. डोळ्यावर फोकस घ्या आणि जमेल तिथे एफ/२.८ ला या.

आता जिथे ते खरंच लागतं ती जागा. पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं घ्या. आठव्या शतकातलं, एकाच कातळात कोरलेलं, आत अंधुक उजेड. खांबांची रांग पुढून मागेपर्यंत शार्प हवी तर एफ/५.६ लागतं, आणि एफ/१.८ ला १/१०० मिळत होतं तिथे १/१० उरतं. दगड हलत नाही, हलता तुम्हीच. दर्शनाच्या वाटेत ट्रायपॉड मांडणंही बरं नाही. इथे स्टॅबिलायझेशन पैसे वसूल करतं. ते नसेल तर खांबाला पाठ टेका, कोपरं छातीला लावा, डावा हात लेन्सखाली घ्या, श्वास सोडून तीन-चार फोटोंचा बर्स्ट मारा. पहिल्या फोटोत बटण दाबल्याचा धक्का असतो. मधला बहुतेक वेळा चांगला निघतो. चालत व्हिडिओ काढणाऱ्यांना मात्र या युक्त्या पुरत नाहीत.

खरेदीआधी बॉडी बघा. सेन्सरच हलवणारी बॉडी असेल, तर प्रत्येक लेन्सला, जुन्या मॅन्युअललासुद्धा, स्थिरता मिळते. सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५० यांत ती सोय नाही. अशा वेळी कॅननची आरएफ ३५ एफ/१.८, सोनीच्या क्रॉप सेन्सरसाठीच्या ओएसएसवाल्या (सोनीचं स्टॅबिलायझेशन) ३५ आणि ५० एफ/१.८ हे पर्याय आहेत. डीएसएलआरवाल्यांसाठी टॅमरॉनने २०१५ मध्ये स्टॅबिलायझेशनवाल्या ३५ आणि ४५ एफ/१.८ आणल्या. वजनाची तयारी ठेवा: कॅननची साधी ईएफ ५० एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅमची, टॅमरॉनची ४५ अर्ध्या किलोच्या वर.

दुकानात जाण्याआधी घरी एक संध्याकाळ द्या. वर्तमानपत्राचं पान भिंतीला चिकटवा, किट लेन्स ५० वर ठेवा, स्टॅबिलायझेशन बंद करा आणि दोन मीटरवरून १/१२५, १/६०, १/३०, १/१५ ला प्रत्येकी दहा फोटो काढा. बातमीची बारीक अक्षरं किती फोटोंत वाचता येतात ते मोजा. मग स्टॅबिलायझेशन चालू करून तेच पुन्हा करा. शेवटी पानाच्या जागी घरातलं लहान मूल बसवा आणि १/३० चे दहा फोटो स्टॅबिलायझेशन चालू ठेवूनच काढा, आणि किती स्वच्छ आले ते मोजा. हे सगळे आकडे शेजारी लिहिलेत की कोणती लेन्स घ्यायची ते तुमचं तुम्हालाच कळेल.