पेडल दगड की लोणी?

कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर चौथ्या फेरीत, सरळ पट्ट्याच्या शेवटी ब्रेक दाबला आणि पेडल थेट मॅटला टेकलं. पाय खाली गेला, गाडी मात्र निघाली तशीच पुढे. घाईघाईने दोनदा पंप केलं तेव्हा थोडासा ब्रेक लागला, पण तोवर वळण हुकलं होतं. मी मातीत उतरलो. मोडलं काहीच नाही. बंपरच्या जाळीत गवत अडकलं आणि पिटमधल्या (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या जागेतल्या) पोरांना हसायला विषय मिळाला, एवढंच.

पुण्याहून तिथे जायचं म्हणजे साधारण 1200 किलोमीटर. पोचल्यावर 2.1 किलोमीटरच्या चकरा मारायच्या आणि त्याच गाडीने घरी यायचं. आम्हा हौशी लोकांपैकी बहुतेकांकडे ट्रेलर नसतो, वेगळी ट्रॅकची गाडीही नसते. जी हॅचबॅक सोमवारी कोथरूडहून हिंजवडीला जाते, तीच शनिवारी ट्रॅकवर. ब्रेकचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा शहाण्यासारखं घट्ट झालं. त्यामुळे मी ठरवूनच टाकलं की पॅड, म्हणजे डिस्कला घासून गाडी थांबवणारे ठोकळे, कमी पडले. पुण्यात परतल्यावर एका मित्राकडून त्याचे जुने रेसिंगचे पॅड आणले आणि पुढच्या चाकांना बसवले. (माझ्या गाडीला पुढे व्हेंटिलेटेड डिस्क, म्हणजे आतून हवा खेळणारी तबकडी, मागे ड्रम.) दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला घरातून निघालो. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला नेहमीसारखा हलका ब्रेक दाबला, तर गाडी थांबायचं नावच घेईना. जोर लावला तेव्हा पीएमपीच्या बसच्या मागे हातभर अंतरावर थांबली. नंतर समजलं की या पॅडना आधी ताप हवा असतो. थंड असताना ते धड पकडत नाहीत, आणि शहरात दोन सिग्नलच्या मधे ते तापतच नाहीत. शिवाय करकर अशी, की समोरच्या काकूंनी विचारलं, "तुमची गाडी आली की कुत्री का उठतात हो?" चार दिवसांत ते पॅड काढले. रिम्सवर बसलेली काळी भुकटी मात्र महिनाभर निघत नव्हती.

मग नाना पेठेत गेलो. स्पेअर पार्ट्सच्या त्या गल्ल्यांत एका दुकानाच्या ओट्यावर एक म्हातारे मेकॅनिक बसतात. मी सांगायला सुरुवात केली, "काका, ट्रॅकवर ब्रेक फेल झाला..." त्यांनी मधेच तोडलं. "पेडल दगड झालं होतं की लोणी?"

लोणी, मी म्हणालो.

"मग पॅडला कशाला शिव्या देतोस? ऑइल कधी बदललंस?"

तीन वर्षं झाली होती. त्यांनी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून आत बघितलं आणि झाकण परत लावलं. बोलले काहीच नाहीत, पण चेहरा बोलका होता. आतलं द्रव उकळून उरलेल्या चहासारखं दिसत होतं.

त्या एका प्रश्नाने माझं डोकं ठिकाणावर आलं. गॅरेजात सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे. ते पायाचा जोर चाकांपर्यंत नेणारं, ग्लायकॉल नावाच्या रसायनाच्या जातीचं द्रव असतं आणि हवेतला ओलावा शोषून घेतं. पुण्यातला पावसाळा चार महिन्यांचा, त्यामुळे ओलाव्याची टंचाई नाही. पाणी मुरलं की उत्कलनबिंदू खाली येतो. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापला की द्रव उकळतं, वाफ होते आणि वाफ दाबली जाते. पाय खाली जातो तो त्या वाफेत. थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव, पेडल पुन्हा घट्ट, आणि आपण पॅडवर संशय घेत बसतो. पॅड जळतात तेव्हा उलटं होतं. पेडल दगडासारखं कडक असतं, पाय जोर लावतो, पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो.

डब्यावरचे आकडे कसे वाचायचे हेही तेव्हाच शिकलो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत. मानकानुसार डॉट 3 चा उत्कलनबिंदू नवं असताना किमान 205 अंश सेल्सियस, डॉट 4 चा 230, डॉट 5.1 चा 260. पण खरा आकडा ओला. पाण्याचं प्रमाण 3.7 टक्के झालं की हेच अनुक्रमे 140, 155 आणि 180 वर येतात. म्हणजे जुनं झालेलं डॉट 4 हे नव्या डॉट 3 पेक्षाही कितीतरी आधी उकळतं. माझ्या टाकीत नेमकं तेच होतं.

एका दुकानदाराने "मोठा नंबर घ्या ना" म्हणत डॉट 5 पुढे केलं. ते घेऊ नका. डॉट 5 सिलिकॉनचं असतं, बाकीच्यांत मिसळत नाही आणि एबीएसच्या (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत त्याचं काम नाही. डॉट 5.1 वेगळं, ते ग्लायकॉलचंच. आणि ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल किंवा कुठलंही खनिज तेल कधीच नाही. रबरी सील फुगतात आणि सगळी यंत्रणा उघडावी लागते.

मी मोटुल आरबीएफ 600 घेतलं. नवं असताना 312 अंश, ओलं झाल्यावर 205 च्या आसपास. कॅस्ट्रॉल एसआरएफचा ओला आकडा 270, तो बघून हात पुढे गेला होता, पण किंमत बघून मागे आला. तसंही दर ट्रॅकवारीआधी बदलायचंच असेल तर ओल्या आकड्यासाठी एवढे पैसे कशाला? उघडलेली बाटली साठवू नये, म्हणून अर्ध्या लिटरच्या दोनच आणल्या.

पॅडही लगेच बदलू का, असं विचारल्यावर काका म्हणाले, "एका वेळी एकच. दोन्ही बदललंस तर कशाने काय झालं ते तुला कळणार नाही."

जुनं द्रव बदलून एअर काढायचं काम सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. पेडलवर आई. तिच्या पायाखाली फुटक्या पाटाचा तुकडा ठेवला होता, कारण जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत नेलं की मास्टर सिलेंडरचे (पेडलने द्रव ढकलणाऱ्या पंपाचे) सील कधी न गेलेल्या भागात जाऊन खराब होतात. माझ्या गाडीच्या पुस्तकात मास्टर सिलेंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, असा क्रम आहे: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. "दाब. धर." मी चाकाजवळचा निपल (द्रव बाहेर सोडायची तोटी) ढिला करायचो, नळीतून चहा निघायचा, निपल बंद. "सोड." पस्तिसाव्या वेळी आई म्हणाली, "शिवणयंत्र तरी बरं, शेवटी ब्लाउज मिळतो." मधे टाकी रिकामी पडू द्यायची नाही, नाहीतर हवा शिरते आणि पहिल्यापासून सुरुवात. फेंडरवर दोन थेंब सांडले, ते लगेच पाण्याने धुतले, रंग खातं ते.

दुसऱ्या वारीला कंपनीचेच पॅड ठेवून गेलो. पेडल एकदाही मऊ पडलं नाही. सातव्या फेरीत मात्र दगड झालं. वास आला, थांबायला लागणारं अंतर वाढलं, आणि मी चक्क आनंदाने पिटमध्ये आलो. आता दोष पॅडचाच होता, खात्रीने.

हिशोब साधा आहे. ताशी 70 वरून थांबताना जेवढी उष्णता होते, तिच्या चौपट 140 वरून थांबताना होते. रस्त्यावर असा ब्रेक क्वचित लागतो, ट्रॅकवर दर फेरीला. पॅडच्या कडेवर एफएफ किंवा जीजी अशी अक्षरं असतात. पहिलं थंड पकडीचं, दुसरं तापल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. रस्त्यासाठी ही माहिती ठीक, पण सलग दहा फेऱ्यांनंतर काय होईल ते ही अक्षरं सांगत नाहीत. पॅड चांगले असले की गाडी कमी अंतरात थांबते, हा माझाही गैरसमज होता. एबीएस लागेपर्यंत ब्रेक दाबता येत असेल, तर पहिल्या फेरीत गाडी टायर थांबवतात. पॅडचं काम दहाव्या फेरीत दिसतं.

ईबीसीचे यलोस्टफ निवडले, रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी विकले जातात ते. त्याच कंपनीचे रेडस्टफ सिरॅमिक आहेत, भुकटी कमी, पण ते मुख्यतः रस्त्यासाठी. यलोस्टफ कंपनीच्या पॅडपेक्षा थोडी जास्त भुकटी सोडतात आणि सकाळी पहिल्या सिग्नलला कधीकधी कुरकुरतात. कुत्री उठत नाहीत.

नवे पॅड डिस्कवर बसवण्यासाठी पहाटे मुळशीच्या बाजूला गेलो. मागे कोणी नाही बघून 80 वरून 20 पर्यंत, मधल्या जोराने, आठदहा वेळा, एकदाही पूर्ण न थांबता. मग ब्रेक न वापरता थंड होईपर्यंत चालवायचं. सगळं नीट चाललं होतं आणि घोटावडे फाट्याजवळ मेंढरांचा कळप आडवा आला! तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून थांबलं की तिथे पॅडचा थर चिकटतो आणि नंतर पेडल थरथरतं. मी पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या चालीने पुढे सरकत राहिलो. मेंढपाळाला वाटलं, मला घाई आहे. त्याने मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या वारीला वीस-वीस मिनिटांची चार सत्रं झाली. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेकला जवळजवळ हात न लावता, आणि पिटमध्ये हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ओंडका. पेडल शेवटपर्यंत जागेवर राहिलं. परतीच्या वाटेवर मध्यरात्री कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना पुढे एक ट्रक होता, त्याच्या चाकांतून ओळखीचा जळका वास येत होता. मी दुसरा गिअर टाकला, अंतर वाढवलं आणि त्याला जाऊ दिलं.

घरी येऊन चाकं उतरवली. पुढचे पॅड निम्मे संपले होते. मागच्या ड्रममधले शू जवळपास तसेच. द्रव पुन्हा फिकट तपकिरी व्हायला लागलं आहे. पाटाचा तुकडा आईने जाळून टाकलाय, नवा शोधायला हवा.