तुम्ही विचारलंत म्हणून: टूर का सोडलीत?

"सर, एवढं चांगलं खेळत होतात, मग टूर का सोडलीत?" गोल्फच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादलीभर बॉल मारून झाले की हा प्रश्न येतोच. टूर म्हणजे व्यावसायिक गोल्फपटूंच्या वर्षभराच्या स्पर्धा. नातेवाइकांचा प्रश्न थोडा वेगळा: गोल्फमध्ये पैसाच पैसा म्हणतात, मग तुझं असं कसं? ज्यांना खेळ कळतो ते थेट चंदीगडच्या त्या पटवर, म्हणजे बॉल होलमध्ये ढकलायच्या त्या हलक्या फटक्यावर, येतात. आजवर ज्याला जे पटेल ते सांगून मी वेळ मारून नेली. आता एकदाच सगळं लिहितो.

मी कॅडीचा, म्हणजे खेळाडूची बॅग उचलणाऱ्याचा मुलगा, स्वतः कॅडी, सोमवारी मेंबर नसायचे तेव्हा खेळून शिकलो, हे तुम्हाला माहीतच आहे. म्हणून तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "चौरासिया बघा!" गोल्फर एस.एस.पी. चौरासिया, बघितलाय की. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबला ग्रीनकीपर, म्हणजे मैदानाचं गवत राखणारे, आणि 2008 मध्ये दिल्लीला त्यानं इंडियन मास्टर्स जिंकली तेव्हा मैदानात एर्नी एल्ससारखा जगज्जेता गोल्फर होता. त्याच्या आधी दिल्लीचा अली शेर. तोही कॅडीच. 1991 ला इंडियन ओपन जिंकला, 1993 ला परत जिंकला. ही माणसं माझ्यासाठी फार मोठी आहेत, आणि म्हणूनच त्यांची नावं माझ्या तोंडावर मारली की लागतं. ते पोहोचले म्हणून दिसतात. त्यांच्याइतकाच बॉल मारणारी आणि एका वाईट मोसमात संपलेली पोरं मी जवळून पाहिली आहेत. ती आळशी नव्हती.

पैशाचं सांगतो. स्पर्धा एक कोटीची असेल तर जिंकणाऱ्याला साधारण 15 लाख मिळतात. तिथून खाली आकडा भराभर घसरतो, पन्नासाव्या नंबरला काही हजार उरतात. तेही कट पार केलात तर. 36 होल, म्हणजे दोन राउंड, झाले की पहिले 50 आणि त्यांच्या बरोबरीतले पुढे जातात, बाकीच्यांनी बॅग उचलायची. त्यांना रुपया नाही. एंट्री फी, लॉज, जेवण, कॅडीचा आठवडा हे सगळं मात्र खिशातून गेलेलं असतं. क्रिकेटमध्ये बारावा गडीही संघाच्या खर्चानं जातो, आमच्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक जण आपापल्या खर्चानं. मी झेलम एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत जायचो, क्लबची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, बॅग उशाशी घेऊन, कारण तिला काही झालं असतं तर दुसरी घ्यायची ऐपत नव्हती.

आता चंदीगड.

डिसेंबर होता. सकाळच्या धुक्यानं खेळ उशिरा सुरू झालेला, त्यामुळे दुपारचे ग्रुप अंधारात सापडणार हे सगळ्यांना दिसत होतं. दुसरा राउंड, शेवटचा होल. माझा दुसरा शॉट ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, थांबला, पहिली पट होलच्या पुढे पाचेक फूट गेली. ती परतीची पडली तर कटच्या आत, नाही पडली तर बाहेर. आणि वर्षभराच्या कमाईच्या यादीत मी अशा जागी होतो की ह्या आठवड्याचे पैसे मिळाले तरच पुढच्या वर्षी टूरवर खेळायचं कार्ड टिकणार होतं. तेवढ्यात खेळ थांबवायचा हॉर्न वाजला.

अंधारामुळे खेळ थांबवला तर नियम मुभा देतो: होल सुरू केलेला असेल तर संपवा, नाहीतर बॉलच्या जागी खूण ठेवा आणि सकाळी या. माझ्या ग्रुपमधल्या दोघांनी संपवलं. माझी बॅग चुलतभावाकडे होती. तो म्हणाला, "मार दादा, हात गरम आहेत." मी होलच्या मागे जाऊन खाली बसलो. डावीकडे उतार आहे हे माहीत होतं, पण किती, ते दिसेना. होलची कड आणि गवत एकच झालं होतं. मी नाणं ठेवलं, बॉल उचलला.

रात्रभर झोप नाही. सकाळी परत धुकं, परत ताटकळणं. शेवटी बोलावलं तेव्हा माळी लांब काठी फिरवून ग्रीनवरचं दव झाडून गेला होता, पण धुकं उतरतच होतं आणि गवत पुन्हा पांढरं झालं होतं. आपल्या लाइनवरचं, म्हणजे बॉलच्या वाटेवरचं, दव हातानं पुसता येत नाही. नियमात दव म्हणजे उचलता येणारं सुटं पान किंवा काडी नव्हे. ओल्या ग्रीनवर बॉल जड चालतो म्हणून मी नेहमीपेक्षा जोरात मारला. जोर बरोबर होता. पण जोरामुळे उतारानं जेवढं वळायचं तेवढं वळला नाही, आणि होलची उजवी कड चाटून बाहेर आला. दवात त्याची रेघ उमटली होती. शेवटपर्यंत सरळ.

एका शॉटनं कट गेला, कटबरोबर कार्ड.

बरीच वर्षं मी स्वतःलाच सांगत आलो की त्या पटनं माझं करिअर खाल्लं. ऐकणाऱ्यालाही ते आवडतं, हळहळता येतं. पण कार्ड गेल्यावर क्यू स्कूल, म्हणजे पात्रता स्पर्धा, असतं, परत कार्ड मिळवता येतं, लोक मिळवतात. मी गेलो नाही. फी भरण्यापुरते पैसे उभे राहिले असते. त्यानंतरचे कट हुकणारे आठवडे परवडले नसते. घरी वडिलांचे गुडघे गेले होते आणि कॅडीला पेन्शन नसते. म्हणजे पैशामुळे सोडलं? हेही पूर्ण खरं नाही. माझ्याहून कर्जबाजारी असलेले काही जण अजून खेळताहेत. त्या सकाळनंतर होलपासून पाच फुटांवर उभा राहिलो की माझा उजवा हात आखडायचा, आणि हे मी इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

2021 मध्ये अदिती अशोक टोकियो ऑलिंपिकच्या गोल्फमध्ये चौथी आली, एका शॉटनं पदक हुकलं. त्यानंतर रेंजवर पालक मुलींना घेऊन यायला लागले, आणि मला मनापासून आनंद झाला. परवा एका वडिलांनी विचारलं, पोरीला प्रो करायचं का? मी त्यांना वर लिहिलेला सगळा हिशेब सांगितला. मुलीला राग आला. माझ्यासारखं तिचं होईल असं मी का धरून चाललोय, असं तिनं तोंडावर विचारलं. तिच्या आयर्नचा (लोखंडी क्लबचा) आवाज ऐकलात तर तुम्हीही गप्प बसाल. मला उत्तर सुचलं नाही.

चुलतभाऊ आता दुसऱ्या प्रोची बॅग उचलतो. भेटला की अजून म्हणतो, त्या संध्याकाळी मारायला हवी होती. मी म्हणतो, जी लाइन दिसत नाही ती मी मारत नाही, उद्या परत तीच वेळ आली तरी नाणंच ठेवीन. त्याला ते पटत नाही. मागच्या दिवाळीतही जेवताना आम्ही यावरून भांडलो.