खिलार पारखण्याचा अभ्यास : पुसेगावच्या यात्रेपासून आतापर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिलार या जातीच्या गाय-बैलांची निवड रिंगणाच्या दोरीला टेकून पाहिली, तेव्हापासून माझे लक्ष जनावर सजवण्याकडून जनावर पारखण्याकडे वळले आहे. आमचा हरण्या हा खोंड मी आजही तितक्याच हौसेने धुतो, पुसतो आणि चालवतो; परंतु दोन देखणी जनावरे शेजारी उभी असताना वरचा क्रमांक कोणाला आणि कशामुळे, हे कारणासह सांगता यावे, ही ओढ आता अधिक आहे.

सुरुवात दातांपासून केली, कारण प्रदर्शनातले गट दातांवर ठरतात : आदत (सगळे दात दुधाचे), दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेले (आठही दात पक्के). गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात; त्यांतले मधले दोन दुधाचे दात पडून पक्के दात साधारण अडीच वर्षांच्या आसपास येतात आणि पुढे एकेक जोडी वाढत जाते. खालचा ओठ अंगठ्याने हलकेच दाबून पाहिले, की रुंद, पिवळसर पक्का दात आणि त्याच्याजवळचा बारीक पांढरा दुधाचा दात यांतला फरक लगेच दिसतो. मला पारख शिकवणाऱ्या तात्यांनी आमच्या दावणीवरच्या प्रत्येक जनावराचे वय असेच माझ्याकडून काढून घेतले, आणि मगच पुढचा धडा दिला.

तो धडा चालीचा होता, आणि माझ्या मते सगळी पारख तिथेच आहे. बघ्यांची गर्दी शिंगे आणि तोंड पाहण्यासाठी पुढच्या बाजूला जमते. खिलाराचे लांबट, निमुळते तोंड, कपाळाच्या मधून जाणारी खाच आणि मागे जाऊन धनुष्यासारखी वर वळलेली टोकदार शिंगे पाहिली, की नजर तिथून हलत नाही, हे खरे आहे. तरीही खिलार ही कामाची आणि वेगाची जात आहे, त्यामुळे मी आता जनावर आधी मागून आणि मग बाजूने पाहतो. मागच्या पायांचे सांधे आत वळून एकमेकांना घासतात का, खुराच्या दोन नख्यांमध्ये फट पडली आहे का, आणि ओल्या मातीत मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडतो का, या तीन गोष्टींनी माझ्या वहीतले बरेच क्रम बदलले आहेत. वशिंड (खांद्यावरचा उंचवटा), पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी), कातडीचा ताण आणि पाठीची रेघ यांची नोंद त्यानंतर येते.

एका खिलारात अनेक खिलारे आहेत, हेही ध्यानात घ्यावे लागते. आटपाडी महाल, म्हसवड, तापी खोऱ्यातील थिल्लारी आणि नकली असे प्रकार जाणकार मानतात. म्हसवडच्या नराच्या खांद्यावर आणि मागच्या भागावर गडद छटा उतरते, तर थिल्लारीचे नाकाड आणि खूर गाजरी रंगाचे असतात. ते माहीत नसेल तर जातीचा गुण दोष म्हणून मोजला जाईल. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचे शुभाशुभ बाजारात भावावर परिणाम करते, पण गुण देताना त्याला जागा असू नये, असे माझे ठाम मत आहे.

हरण्याच्या तयारीत कासऱ्यावर शांत चालणे आणि चारही पाय चौकोनात ठेवून उभे राहणे आता बसले आहे. त्याला पंचांनी पायाला हात लावलेला खपावा, म्हणून रोज संध्याकाळी मी त्याच्या चारही पायांवरून हात फिरवतो. खुराक सरकी पेंड, मक्याचा भरडा आणि कडबा एवढाच आहे, कारण चरबी चढवलेले खिलार भरलेले दिसते, पण त्याची चाल जड होते. शिंगे साळण्याच्या (तासून गुळगुळीत करण्याच्या) बाबतीत मी हात आखडता घेतला आहे. शिंगाच्या आत जिवंत हाड असते, आणि चकाकीसाठी खोल साळणे मला पटत नाही.

२०२२ मध्ये लम्पी हा जनावरांचा साथीचा त्वचारोग पसरल्यावर राज्यात जनावरांचे बाजार आणि प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती. त्यामुळे कानातला बारा अंकी बिल्ला आणि लसीकरणाची नोंद आता माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असते.

पुढचा टप्पा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात आणि कार्तिकी वारीच्या वेळी पंढरपूरजवळच्या वाखरीच्या बाजारात आहे. तिथे एकाच वयाची चार जनावरे निवडून, त्यांचा क्रम आधी वहीत लिहून, मग तो तात्यांसमोर तोंडी कारणांसह मांडायचा आहे. सध्या मला सर्वांत अवघड जाते ती कालवडींची पारख, कारण त्यांच्यात चालीबरोबर कासेची ठेवण आणि पुढच्या वेतांचा अंदाजही धरावा लागतो. खिलार कालवडी पारखण्याची आपली पद्धत कोणी सविस्तर सांगितली, तर त्याच क्रमाने पाहून पुढच्या नोंदीत निष्कर्ष मांडीन.